किरकोळ रजेत मावणारं मरण

आमच्या टॉवरच्या लिफ्टमध्ये माणूस आडवा मावत नाही. सामानाची म्हणून जी मोठी लिफ्ट आहे, तिच्यातही तिरडी जात नाही. त्यामुळे देह चादरीत धरून, कधी खुर्चीत बसवून खाली आणायचा आणि तिरडी पार्किंगमध्ये, दोन गाड्यांच्या मधल्या जागेत बांधायची. ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या कितीतरी इमारतींत मी हेच केलंय. ही घरं बांधताना गाड्यांचा विचार झाला, जिमचा झाला, पोहण्याच्या तलावाचा झाला. इथे राहायला येणारं माणूस कधीतरी जाणारही आहे, हे नकाशा काढणाऱ्याच्या मनात आलेलं दिसत नाही.

मी 26 वर्षं तिरड्या बांधतोय. हा माझा धंदा नव्हे. पोटासाठी मी वागळे इस्टेटीत फिटरचं काम केलं आणि तिथूनच निवृत्त झालो. नौपाड्यातल्या आमच्या जुन्या बिल्डिंगीत एक म्हातारे गृहस्थ हे काम करायचे, त्यांच्या हाताखाली बांबू धरता धरता शिकलो. ते गेले तेव्हा त्यांची तिरडी मी एकट्यानं बांधली आणि मग निरोप आपोआप माझ्याकडे यायला लागले. दोन लांब बांबू, आडव्या कामट्या, सुतळी, पांढरं कापड, मडकं, गोवऱ्या, तुळस. घरी मरण आलं असेल तर आधी डॉक्टरकडून कारणाचा दाखला, मग स्मशानातली नोंद, मग 21 दिवसांच्या आत महापालिकेत मृत्यूची नोंदणी. हे सांगणारं कुणीतरी लागतं, कारण त्या वेळी शिकल्यासवरलेल्या माणसालाही आधार कार्ड कुठे ठेवलंय ते आठवत नाही.

गेल्या वर्षी श्रावणात चौदाव्या मजल्यावरच्या एक बाई गेल्या. मुलगा चौतिशीतला, ऐरोलीला आयटी कंपनीत. मी गाठी मारत होतो, तो शेजारी उभा होता आणि त्याच्या खिशातला फोन सारखा थरथरत होता. जरा वेळानं तो वाकून हळूच म्हणाला, "काका, दहा दिवस पाळायलाच लागतात का हो? तिसऱ्या दिवसानंतर कामावर गेलं तर चालेल?"

"शास्त्राचं विचारतोयस की ऑफिसचं?"

तो गप्प राहिला. मग म्हणाला, "तीन दिवस दिलेत. त्यात शनिवार-रविवार धरलाय."

मला जे सांगायचंय ते या वाक्यातून निघालंय. जवळचं माणूस गेलं तर प्रत्येक काम करणाऱ्याला, तो पगारी असो, कंत्राटी असो की घरकाम करणारी बाई असो, दहा दिवसांची भरपगारी रजा कायद्यानं मिळाली पाहिजे. ही मागणी करताना मी अमरत्वाबद्दलही लिहिणार आहे. या दोन गोष्टींचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल. मलाही तो आधी दिसला नव्हता. त्याच मुलानं तो दाखवला.

दिवाळी होऊन गेल्यावर एका रात्री तो माझ्याकडे आला. "काका, तुम्हाला काहीतरी ऐकवायचंय," म्हणाला आणि फोन टेबलावर ठेवला. फोनमधून त्याची आई बोलायला लागली. आईचे जुने व्हॉइस मेसेज त्यानं कुठल्याशा ॲपला दिले होते आणि त्यातून तिच्या आवाजात उत्तरं देणारं काहीतरी तयार झालं होतं. आवाज हुबेहूब होता. माझ्या अंगावर काटा आला.

"आई 'जेवलंस?' म्हणायची," तो म्हणाला. त्या बाई मालवणच्या, घरात मालवणीच बोलायच्या. "हे 'तू जेवलास का' म्हणतं. चुकतंय ते कळतं मला. तरी रोज रात्री अकराला लावतो. नाही लावलं तर झोप येत नाही."

या मुलाला हसणारे लोक मला भेटलेत. मला हसू आलं नाही. ज्यानं आईच्या तेराव्याला लॅपटॉप उघडा ठेवून जेवण वाढलं, त्याला ती गेली हे मनात उतरवायला वेळ कधी मिळाला? तो वेळ त्याला कुणी दिला नाही, म्हणून त्यानं तो दर महिन्याला पैसे भरून विकत घेतला. आणि त्यातली भीती अशी, की ज्या महिन्यात पैसे भरायचे राहतील त्या महिन्यात ती पुन्हा जाणार.

हे एका घरापुरतं नाही. तमिळनाडूचे नेते करुणानिधी 2018 साली गेले आणि 2024 च्या जानेवारीत कृत्रिम बुद्धिमत्तेनं घडवलेलं त्यांचं रूप पडद्यावर पक्षाच्या कार्यक्रमात भाषण करत होतं. नेत्याचं ठीक, त्यांचं सार्वजनिक बोलणं सगळ्यांसमोर झालेलं. पण चौदाव्या मजल्यावरच्या बाईंना कुणी विचारलं होतं? त्यांनी मुलाला 'येताना कोथिंबीर आण' असा निरोप पाठवला, तो मुलासाठी होता. आपण गेल्यावर आपल्या तोंडी भलतं काही घालू नये, हा मेलेल्या माणसाचा हक्क मला फार मोठा वाटतो, कारण तो मागायला ते स्वतः येऊ शकत नाही. 2023 च्या आपल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात एक चांगली तरतूद आहे. आपल्या मृत्यूनंतर आपल्या माहितीबाबतचे हक्क कुणी वापरायचे, ते माणसाला नेमून ठेवता यावं, अशी ती तरतूद. बँकेच्या खात्याला नॉमिनी लावतो तसंच. आवाजाचंही घरात बसून, हातपाय धड असताना बोलून ठेवावं. मी माझ्या मुलीला सांगून ठेवलंय: माझे फोटो ठेव, माझा पाना-पक्कड ठेव, आवाजाचं काही करू नकोस.

त्या रात्री तो मुलगा बराच वेळ बसला. म्हणाला, "काका, तुम्ही बांबू बांधताय, पण अजून शंभर वर्षांनी मरण हा बरा होणारा आजार असेल. आईच जरा लवकर जन्माला आली."

हा विचार मी झटकून टाकणार नाही. 'आलेला जाणारच' असं म्हणून गप्प बसवणारी माणसं आमच्या पिढीत फार झाली. माझ्या आजीची नऊ बाळंतपणं झाली, जगली चार. 1951 च्या सुमाराला देशात जन्मणाऱ्या हजार बाळांपैकी दीडशेच्या आसपास पहिला वाढदिवस बघत नव्हती. आज तो आकडा पंचविसाच्या आसपास आलाय. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा सरासरी आयुष्य 32 वर्षांच्या आसपास होतं, आता सत्तरच्या आसपास आहे. आजीच्या काळातल्या कुणाला सांगितलं असतं, की नळाला स्वच्छ पाणी येईल, देवीचा रोग पृथ्वीवरून जाईल, जुलाबानं सुकलेलं पोर मीठ-साखरेच्या पाण्यानं उठून बसेल, तर तिलाही ते अमृतच वाटलं असतं. मरण पुढे ढकलण्यासाठी झटणारा माणूस माझ्या लेखी पुण्याचं काम करतो. तेव्हा 'निसर्गाच्या विरुद्ध' वगैरे भाषा मी बोलणार नाही.

पण पुढे ढकलणं वेगळं आणि संपवणं वेगळं. फ्रान्समधल्या जान काल्माँ 1997 साली वयाच्या 122 व्या वर्षी गेल्या. त्यानंतर औषधं किती पुढे गेली, सरासरी आयुष्यं किती वाढली, पण नोंदीनिशी सिद्ध झालेला तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. लिओनार्ड हेफ्लिक या शास्त्रज्ञानं 1961 मध्ये दाखवलं, की माणसाची साधी पेशी प्रयोगशाळेत चाळीस ते साठ वेळा विभागते आणि मग थांबते. गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमेअर नावाची टोपणं असतात. बुटाच्या नाडीच्या टोकाला प्लास्टिक असतं ना, तशी. दर विभाजनाला ती थोडी झिजतात. ती झीज भरून काढणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, आहे. हे सगळं उलगडणाऱ्या तिघांना 2009 चं नोबेल मिळालं. मग ते विकर सगळ्या पेशींना देऊन टाकावं की! अडचण अशी, की ते आधीच भरपूर वापरणाऱ्या पेशी आपल्याला माहीत आहेत. बहुतेक कर्करोगाच्या पेशी तेच करतात.

माणसाच्या देहातलं जे पहिलं खरोखर अमर झालं, ते तसंच झालं. अमेरिकेत बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स नावाची एक काळी बाई 1951 च्या ऑक्टोबरात गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगानं गेली. वय 31, मागे पाच मुलं. तिच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता काढून घेतल्या होत्या. त्या प्रयोगशाळेत मरेनात. आजही जगभर वाढताहेत. पोलिओच्या लशीच्या कामात त्या वापरल्या गेल्या, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या दंडावर, जिभेवर त्या बाईचे उपकार आहेत. पण तिच्या मुलांना वीसेक वर्षं यातलं काही ठाऊक नव्हतं. पेशी अमर झाल्या आणि पोरं आईविना वाढली. अमरत्वाबद्दल कुणी बोललं की मला ती मुलं आठवतात.

समजा, तरीही विज्ञानानं म्हातारपण जिंकलं. मी मनापासून समजा म्हणतोय. तरी मरण संपेल का? 9 जून 2025 च्या सकाळी दिवा आणि मुंब्रा या स्टेशनांच्या मध्ये लोकलच्या दारात लटकलेली माणसं खाली पडली, त्यातली काही गेली. त्यांना म्हातारपणानं नेलं नव्हतं. ठाण्यात राहणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीत रुळानं ओढून नेलेलं एखादं माणूस आहे. न म्हातारं होणाऱ्या जगात फक्त असेच मृत्यू उरतील: अपघात, पूर, खून, नवा एखादा विषाणू. आज नव्वदीची आजी गेली तर आपण 'सोनं झालं' म्हणतो. त्या जगात 'सोनं झालं' असं म्हणण्यासारखं एकही मरण नसेल. पाचशे वर्षं जगू शकली असती अशी बायको चाळिशीत गेली, तर मागे राहिलेल्यानं उरलेली साडेचारशे वर्षं काय करायचं? अमर माणसांना शोक कमी होणार नाही, जास्त होईल. म्हणजे शोकाचं काय करायचं हा प्रश्न अमरत्वानंही सुटत नाही.

आपल्याकडे या प्रश्नावर एक जुना विचार झालेला आहे, आणि तो मला कीर्तनात कुणी नीट सांगितला नाही. अश्वत्थाम्याची गोष्ट आपल्याला लहानपणी सांगतात ती अशी: कपाळावरचा मणी काढला, जखम भरेना, मरण येईना, तो दारोदार तेल मागत फिरतो. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यात अस्तंबा नावाचं शिखर आहे. दिवाळीत हजारो माणसं ते चढून जातात, तो तिथे राहतो अशी त्यांची श्रद्धा आहे. म्हणजे आपल्या लोकांनी अमर माणसाला राजवाडा दिला नाही. वाहती जखम दिली आणि हातात तेलाची वाटी दिली.

पण ती जखम आली कुठून? भारतीय युद्धाच्या पंधराव्या दिवशी द्रोण पडले, तेही खोट्या बातमीनं शस्त्र खाली ठेवल्यावर. मुलगा सोळाव्या दिवशी पुन्हा लढायला उभा. सतराव्या दिवशी उभा. अठराव्या दिवशी उभा. त्या रात्री त्यानं छावणीत शिरून झोपलेली पोरं कापली. बाप गेल्यापासून मधे किती दिवस गेले? तीन. बापासाठी बसून रडायला त्याला एक दिवस मिळालेला नाही. त्याचा गुन्हा मी माफ करत नाही, तो माफ होण्यासारखा नाहीच. पण तोच ग्रंथ पुढे सांगतो, की युद्ध जिंकलेल्या पांडवांनी गंगेवर तर्पण केलं आणि शोकाचा एक महिना ते नगराबाहेर राहिले. राज्य वाट बघत होतं, सिंहासन रिकामं होतं, तरी महिनाभर राहिले. एकाला तीन दिवस, तेही कामावर. दुसऱ्यांना महिना. ज्याला शोक करायला मिळाला नाही, त्याच्या वाट्याला न संपणारं आयुष्य आलं. मी हा अर्थ ओढूनताणून लावतोय असं कुणी म्हणेल. म्हणू दे. मी पार्किंगमध्ये उभा असताना 'तीन दिवस दिलेत' हे ऐकलंय.

आता यावर लगेच कुणी म्हणेल, की काका सुतक परत आणायला निघाले. नाही. सुतकाबद्दल माझं मत सरळ आहे. त्यातला विटाळ खोटा आहे आणि त्यातला वेळ खरा आहे. दहा दिवस घरात चूल बेतानं, शेजारचं पिठलं-भात येतो, पहिल्या दिवशी कडू घास, माणसं येतात, तीच तीच हकिगत दहा वेळा विचारतात, 'शेवटचं काय बोलली?' आणि घरातलं माणूस ती दहा वेळा सांगतं. सातव्यांदा सांगताना त्याला स्वतःला ती खरी वाटायला लागते. मग दहाव्याला पिंड ठेवून कावळ्याची वाट बघायची. तिथे बसलेली माणसं मी बघितलीत. तास-तास काही करायचं नसतं, फक्त बसायचं असतं, आणि गेलेल्याची काय इच्छा राहिली असेल याची आपसांत कुजबुज करायची असते. 'नातीचं लग्न बघायचं होतं तिला.' 'गावच्या घराचं छप्पर राहिलं.' मग कुणीतरी मोठ्यानं म्हणतो, 'छप्पर मी घालीन.' कावळा शिवो न शिवो, जिवंत माणसांनी ते वचन दिलेलं असतं.

याच परंपरेनं नवरा गेलेल्या बाईच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, तिला कोपऱ्यात बसवलं. बाई मरणाच्या दुःखातही उरली आणि अपमानातही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये ठराव करून या प्रथा बंद केल्या आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं तो कित्ता इतर गावांनी गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं. माझी बायको गेली तेव्हा माझ्या मुलीनं अग्नी दिला. काही जण तोंड फिरवून उभे राहिले, त्यांची नावं मी विसरलोय. ज्यांना विधी नको असतील त्यांनी करू नयेत. देहदान करणाऱ्या घरांतही मी गेलोय, तिथे तिरडी नसते, मंत्र नसतात, ॲम्ब्युलन्स येते आणि जाते. पण तिथली माणसंसुद्धा नंतर दहा दिवस बसतात. बसावंच लागतं.

वेळ हिसकावला की काय होतं, ते आपण सगळ्यांनी 2020 आणि 21 मध्ये बघितलं. त्या एप्रिलमध्ये माझ्या हाताला काम नव्हतं. तिरडी नाही, खांदा नाही, प्लास्टिकमध्ये बांधलेला देह परस्पर गाडीतून. घरचे फाटकाबाहेर. एक मुलगी, वडील तसे गेलेली, दोन वर्षांनी माझ्याकडे आली. हातात वडिलांचा चष्मा होता. म्हणाली, "काका, एकदा बांधून दाखवाल? मला बघायचंय बाबांचं कसं केलं असतं ते." मी बांबू आणले. गच्चीवर बांधली. तिनं शेवटच्या दोन गाठी स्वतः मारल्या, चष्मा मधोमध ठेवला आणि अर्धा तास बसली. मग आम्ही ती सोडवली. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आता कायद्याचं बोलू, कारण दुःख आणि आठवणी सांगून रजा मिळत नाही.

आपल्या कामगार कायद्यांत जवळच्या माणसाच्या मृत्यूसाठी म्हणून वेगळी रजा नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात वर्षाला आठ दिवसांची भरपगारी नैमित्तिक रजा आहे, शिवाय कमावलेली रजा आहे. लहान दुकानांतल्या माणसांना तेवढीही नाही. नैमित्तिक रजेला आपण बोलताना काय म्हणतो? किरकोळ रजा. कुणाची आई जाते, तो अर्ज लिहितो आणि वर विषय टाकतो: किरकोळ रजा मिळणेबाबत. मराठीत हे वाक्य लिहिताना एकाचाही हात अडखळू नये?

माझाही अडखळला नव्हता. 1994 मध्ये माझी आई संगमेश्वरजवळच्या आमच्या गावी गेली. तार संध्याकाळी मिळाली. रात्रीची एसटी धरून पोचलो तेव्हा चितेची राख निवत आली होती. कारखान्यानं दोन दिवस दिले, तिसऱ्याचा पगार कापला, चौथ्या दिवशी मी मशीनवर होतो. सगळे म्हणाले, कामात मन रमेल. रमलं. पाच महिने रमलं. मग एका दुपारी, काही कारण नाही, कुणी काही बोललं नाही, मला आईच्या हातचा कुळीथ आठवला आणि मशीनवरचं लक्ष गेलं. उजव्या हाताच्या तर्जनीचं पेर तेव्हा गेलं. दहा दिवसांची रजा मिळाली असती तर ते वाचलं असतं, असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. पण न रडलेलं रडणं कुठे जात नाही, एवढं मला माहीत आहे. पहिल्या आठवड्यात दिलं नाही तर ते पाचव्या महिन्यात येऊन घेतं. मालकांनी हिशोबच करायचा असेल तर हाही हिशोब करावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत लांबलेल्या शोकाला आजार म्हणून जागा आहे, पण किमान सहा महिने उलटल्यावर. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या 2022 च्या सुधारित नियमावलीत मोठ्या माणसांसाठी ती मुदत वर्षाची आहे. म्हणजे डॉक्टरसुद्धा सहा महिने, वर्षभर या दुःखाला हात लावत नाहीत, ते सरळ आहे असं मानतात. आणि आपली कचेरी चौथ्या दिवशी विचारते, 'आता ठीक ना?'

असं काही सरकारला परवडणार नाही, हे म्हणणं टिकत नाही, कारण आपल्या सरकारनं शोक रजेचं कारण म्हणून एकदा मान्य केलेला आहे. सप्टेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारनं आपल्या महिला कर्मचाऱ्यांना, मूल मृत जन्मलं किंवा जन्मल्यावर लगेच गेलं तर 60 दिवसांची विशेष रजा दिली. त्या आदेशात आईच्या मनावर होणाऱ्या आघाताचाच विचार होता. तो बरोबर होता. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की हा आघात फक्त केंद्र सरकारच्या नोकरीत होतो का? ब्रिटनमध्ये एप्रिल 2020 पासून मूल गमावलेल्या आईवडिलांना दोन आठवड्यांची रजा कायद्यानं आहे. न्यूझीलंडमध्ये जवळच्याच्या मृत्यूची पगारी रजा कायद्यात आहे आणि 2021 मध्ये ती गर्भपात झालेल्या जोडप्यांनाही लागू केली. तिथल्या कंपन्या बुडाल्या नाहीत.

'लोक गैरफायदा घेतील, एकाच आजीला चारदा मारतील,' हा आक्षेप मला नेहमी ऐकू येतो. मृत्यूची नोंदणी झाली की दाखला मिळतो, तो जोडायला लावा. 'काही लोकांना कामावरच बरं वाटतं,' हे खरं आहे, तेव्हा रजा घेण्याची सक्ती नको. पण ज्याला हवी त्याला ती मागताना मान खाली घालायला लागू नये. तिसरा आक्षेप मात्र मला खरा वाटतो: कायदा झाला तरी तो पोचणार कुणापर्यंत? आमच्या गेटवरचा रखवालदार जालन्याचा. त्याचा बाप गेला तेव्हा एजन्सीनं बदली माणूस मिळेपर्यंत थांब म्हटलं. तो रात्रभर गेट उघडत आणि लावत राहिला, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना सलाम करत राहिला. त्यातल्या काही गाड्या आमच्याच होत्या. सातव्या मजल्यावर काम करणाऱ्या मावशींचा भाऊ गेला. पाच दिवसांनी त्या आल्या तेव्हा महिन्याच्या पगारातून पाच दिवस वजा झाले होते. इथे मालक कुठली कंपनी नाही. मालक आपण आहोत. कायदा यायला वर्षं लागतील, त्याच्यासाठी आपल्या आमदाराला, खासदाराला पत्र लिहायलाच हवं आणि मी लिहिलंय. पण मावशींचे पाच दिवस द्यायला विधानसभा लागत नाही.

तो चौदाव्या मजल्यावरचा मुलगा अधूनमधून येतो. गेल्या महिन्यात वर्षश्राद्ध झालं. या वेळी त्यानं स्वतःची कमावलेली रजा टाकली, आठवडाभर मालवणला जाऊन राहिला. आईच्या माहेरच्या घरात तिच्या बहिणी अजून आहेत, चार दिवस त्या नुसत्या आईच्या लहानपणाच्या गोष्टी सांगत होत्या म्हणे. ते ॲप अजून फोनमध्ये आहे का, हे मी विचारलं नाही. त्यानंच सांगितलं, "काका, आता अकराला नाही लावत. लावतो कधीतरी." मी मान हलवली. ते त्याचं त्यानं ठरवायचं.

पुढच्या रविवारी आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. मी दोन ठराव लिहून दिलेत. पहिला: ज्या घरात मृत्यू झाला त्या घराला तळमजल्यावरचा क्लब हाऊसचा हॉल दहा दिवस विनाभाडे मिळावा, म्हणजे तिरडी पार्किंगमध्ये बांधावी लागणार नाही आणि भेटायला येणाऱ्यांना बसायला जागा होईल. दुसरा: सोसायटीत काम करणारे रखवालदार, सफाई कामगार, माळी आणि घराघरांतल्या कामवाल्या बायका यांच्या घरी कुणी गेलं तर दहा दिवसांचे पैसे कापू नयेत, आणि रखवालदाराच्या बदलीचा खर्च सोसायटीनं द्यावा. दोन्हींवर सूचक म्हणून माझी सही आहे. पहिल्याला चौदाव्या मजल्यावरच्या मुलानं अनुमोदन दिलंय. दुसऱ्याला अनुमोदक अजून मिळालेला नाही.